वाचकांचे प्रश्न : फ्लूची महासाथ आणि विद्यापीठाचा कारभार

इन्फ्लुएन्झाची महासाथ आली तर विद्यापीठे आणि महाविद्यालये कशी चालू ठेवावीत, या विषयावर वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत. उत्तरे देणारे लेखक एका अकृषी विद्यापीठातून उपकुलसचिव म्हणून निवृत्त झाले आहेत.

प्रश्न : कोविडच्या दोन वर्षांत आम्ही ऑनलाइन तास घेतले, परीक्षा घेतल्या, निकालही लावले. आता फ्लूच्या महासाथीसाठी कामकाजाच्या सातत्याचा आराखडा करावयाचा आहे. जुनाच आराखडा तारीख बदलून पुढे पाठवला तर काय बिघडेल? (एक प्राचार्य, सातारा जिल्हा)

बरेच बिघडेल, आणि त्याचे कारण आपल्या पत्रातच आहे. कोविडच्या काळात इमारती वरून आलेल्या आदेशाने बंद झाल्या होत्या. माणसे मात्र बहुतांशी धडधाकट होती आणि घरी बसून का होईना, उपलब्ध होती. फ्लूच्या साथीत नेमके उलट होण्याची शक्यता मोठी आहे. इमारत उघडी, वीज चालू, इंटरनेट चालू, आणि विभागातील दहापैकी तीन-चार माणसे तापाने आडवी. अमेरिकेने २००६ साली केलेल्या राष्ट्रीय आराखड्यात साथ ऐन भरात असताना ४० टक्क्यांपर्यंत कर्मचारी गैरहजर राहतील, असे गृहीत धरले होते. त्यात आजाऱ्यांबरोबरच आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे आणि भीतीने न येणारेही मोजले होते. हे भाकीत नव्हे, पण आराखडा करताना मी हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवीन.

दुसरा फरक वेगाचा आहे. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस लागतात, बहुतेकांना दोनच. आणि लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस इतरांना संसर्ग देऊ लागतो. म्हणजे सोमवारी एका टेबलावर शिंका ऐकू आल्या, तर टिपणी लिहून, ती वर पाठवून, बैठक बोलावून निर्णय होईपर्यंत शनिवार उजाडतो आणि तोवर निम्मा विभाग रजेवर गेलेला असतो. तिसरा फरक वयाचा. कोविडने प्रामुख्याने वृद्धांना गाठले. १९१८च्या साथीत वीस ते चाळीस वयोगटातील माणसे मोठ्या संख्येने दगावली, तर २००९च्या स्वाइन फ्लूमध्ये मुले आणि तरुण अधिक आजारी पडले, कारण साठीच्या पुढच्या अनेकांना जुन्या विषाणूंच्या संपर्कामुळे थोडेफार संरक्षण मिळालेले होते. विद्यापीठ हे तरुणांचेच गाव असल्याने या साथीत ते कडेला राहत नाही, मधोमध येते.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. २००९च्या ऑगस्टमध्ये, पुण्यातील मुलीच्या मृत्यूची, म्हणजे देशातील स्वाइन फ्लूच्या पहिल्या बळीची, बातमी येऊन आठवडा झाला असेल. मी ज्या विद्यापीठात होतो, तेथे वेतन देयके तयार करणारे लिपिक तापाने घरी राहिले. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, संगणकाचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात, आणि कपातींचा हिशेब त्यांनीच आखलेल्या एका लांब वहीत. चौथ्या दिवशी त्यांचा शाळकरी मुलगा ती वही दुधाच्या पिशवीत घालून फाटकाशी आला. पिशवी हातात घ्यायला कोणी पुढे होईना, म्हणून ती सुरक्षारक्षकाच्या स्टुलावर ठेवून मुलगा निघून गेला आणि संध्याकाळपर्यंत ती तेथेच होती. त्या महिन्याचे पगार नऊ दिवस उशिरा झाले. ऑनलाइन शिकवण्याची कितीही उत्तम सोय असती तरी त्या वहीचा प्रश्न तिने सुटला नसता.

म्हणून माझी सूचना अशी : दोन आठवडेही थांबवता येणार नाहीत अशी कामे आधी कागदावर उतरवा. पगार, वसतिगृहाचे जेवण, पाणी आणि सुरक्षा, गोपनीय कक्ष (प्रश्नपत्रिका कुलपात ठेवण्याची खोली), सर्व्हर, प्रयोगशाळेतील प्राणी, अशी ती दहा-बाराच निघतात. प्रत्येक कामापुढे तीन नावे लिहा. तिसऱ्या नावाच्या माणसाने ते काम गेल्या सहा महिन्यांत एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेले असले पाहिजे. तसे नसेल तर ते नाव खोडा. मी पाहिलेल्या आराखड्यांत तिसरे नाव बहुधा नुकत्याच रुजू झालेल्या एखाद्या बिचाऱ्याचे असते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

प्रश्न : महाविद्यालय बंद ठेवण्याचा निर्णय नक्की कोण घेते? साथ सुरू झाली की लगेच सुट्टी का देत नाहीत? (दोन पालक, लातूर आणि ठाणे)

साथीच्या काळात तीन ठिकाणांहून आदेश येऊ शकतो. १८९७चा साथरोग अधिनियम हा मुंबईतील प्लेगच्या धामधुमीत झालेला कायदा असून त्याखाली राज्य शासन व त्याने अधिकार दिलेले अधिकारी निर्बंध घालू शकतात. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आणि विद्यापीठापुरते बोलायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मधील कलम १२ कुलगुरूंना आणीबाणीच्या प्रसंगी तत्काळ कारवाई करण्याची मुभा देते, मात्र त्याची कारणे संबंधित प्राधिकरणाला लवकरात लवकर कळवावी लागतात. २००९च्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात आणि मुंबईत शाळा-महाविद्यालये बंद झाली, ती प्रशासनाच्या आदेशाने.

लगेच सुट्टी का नाही, याचे उत्तर थोडे अप्रिय आहे. साथीच्या अगदी आरंभी बंद केले, तर प्रसार मंदावतो आणि दवाखान्यांना सवड मिळते. वर्गातील एकतृतीयांश मुले आजारी पडल्यावर बंद केले, तर फारसा उपयोग होत नाही. शिवाय शाळकरी मूल घरी थांबते, महाविद्यालयीन विद्यार्थी थांबत नाही; वर्ग बंद झाले की तो चहाच्या टपरीवर आणि मित्राच्या खोलीवर सापडतो. मुंबईत त्या वेळी चित्रपटगृहेही तीन दिवस बंद ठेवावी लागली होती, ती याच कारणाने. निर्णय कधी घ्यायचा याचा निकष शांत काळातच ठरवून ठेवावा. रोजची हजेरी प्रत्येक विभागातून दुपारी बारापर्यंत एका ठिकाणी कळली, तर नेहमीच्या दुप्पट गैरहजेरी सलग दोन दिवस दिसताच बैठक घ्यायची, असा साधा नियमही पुरतो. आज बहुतेक महाविद्यालयांत हजेरीचे आकडे महिनाअखेरीस जुळवले जातात, आणि सगळी अडचण तेथे आहे.

प्रश्न : मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. २१० मुली, एका खोलीत तिघी. पहिली रुग्ण सापडताच सर्वांना घरी पाठवावे, असे संस्थेचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण काय सांगावे ते कळत नाही. (कोल्हापूर)

आपली शंका रास्त आहे. एका दिवसात दोनशे मुली बाहेर पडल्या, तर त्या एसटीत आणि रेल्वेत दाटीवाटीने बसून, काहीजणी अंगात विषाणू घेऊन, चांद्यापासून बांद्यापर्यंत पोहोचतील. १९१८च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून सुरू झालेला ताप आगगाडीच्या मार्गानेच देशभर पसरला होता. घरी गेलेली मुलगी ज्या गावात पोहोचते, तेथून ग्रामीण रुग्णालय कदाचित वीस-पंचवीस किलोमीटरवर असते आणि घरात आजी-आजोबा असतात. शिवाय काहींना जायला जागाच नसते : परदेशी विद्यार्थिनी, ईशान्येकडील मुली, आईवडील ऊसतोडीला गेलेल्या मुली. जवळच्या आणि निरोगी मुलींना साथीच्या आरंभीच, पालकांशी बोलून, टप्प्याटप्प्याने जाऊ द्यावे; पण आराखडा मात्र राहणाऱ्यांसाठी करावा.

आता हिशेब करू. सहा ते आठ आठवड्यांच्या एका लाटेत ३० टक्के मुली आजारी पडतील असे धरले, तर त्या ६३ होतात. त्या सारख्या प्रमाणात पडत नाहीत. ऐन भराच्या आठवड्यात त्यांतील चौथा हिस्सा एकदम येईल असे धरून सोळा खाटांची सोय हवी. म्हणजे स्वतंत्र स्वच्छतागृह असलेली, शक्यतो तळमजल्यावरची सहा-सात खोल्यांची एक बाजू. ती बाजू आजच ठरवा आणि त्या खोल्यांतील मुलींना प्रवेशाच्या वेळीच सांगा की गरज पडल्यास त्यांना जागा बदलावी लागेल. साथ आल्यावर सांगाल तर भांडण होईल. आजारी मुलीने ताप उतरल्यानंतर, तापाचे औषध न घेता, पुरते चोवीस तास जाईपर्यंत त्या खोलीत राहावे, हा नियम २००९ साली अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने उच्च शिक्षणसंस्थांना घालून दिला होता, आणि तो पाळायला सोपा आहे. 'औषध न घेता' हे शब्द दारावरच्या कागदावर ठळक लिहा, कारण पॅरासिटामॉलची गोळी घेऊन थर्मामीटर दाखवायला येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

प्रत्येक मुलीने आजारी पडण्याआधीच आपली एक सोबतीण ठरवून तिचे नाव नोंदवहीत लिहावे. सोबतिणीचे काम एवढेच की ताट दाराबाहेर ठेवणे, सकाळ-संध्याकाळ फोन करणे आणि उत्तर आले नाही तर आपल्याला उठवणे. धोक्याची लक्षणे तिला पाठ हवीत : धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, आणि उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा जोरात चढणे. यांपैकी एकही दिसले तर रात्र असो की दिवस, थेट रुग्णालय. ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत दिले तर अधिक उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांनी द्यायचे. आपल्या कपाटात साठा करून वाटायचे नाही. दमा, मधुमेह, हृदयविकार असलेल्या किंवा गरोदर असलेल्या विद्यार्थिनींची यादी डॉक्टरांना आधी द्यावी. ती यादी सूचनाफलकावर लागता कामा नये, हे आपल्याला सांगायला नकोच, पण कार्यालयाला सांगावे लागते.

मेसविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण वसतिगृह बंद पडते ते बहुधा स्वयंपाकघरातून. आचारी आणि पोळ्या लाटणाऱ्या बायका ही चार-पाच माणसे असतात. त्यांतील तिघे तापले की दोनशे ताटे अडली. म्हणून 'दोन माणसांचा स्वयंपाक' आखून ठेवावा : मोठ्या कुकरात होणारी मुगाच्या डाळीची खिचडी, पिठले-भात, उकडलेली अंडी, आजाऱ्यांसाठी भाताची पेज आणि ताक. पोळी त्यात नाही, हे आधीच जाहीर करावे. आठ दिवसांचे तांदूळ, डाळ आणि जादा सिलिंडर वेगळे ठेवावेत. मेसच्या कंत्राटात 'साथीच्या काळात किमान जेवण' अशी अट घालावी आणि आजारी कामगाराचा पगार कापला जाणार नाही हेही त्यातच लिहावे, नाहीतर शिंकणारा माणूस पीठ मळत राहील.

आणखी एक. साध्या तापासाठी डॉक्टरांचा दाखला मागू नका. २००९ साली पुण्यात नायडू रुग्णालयासमोर ज्या रांगा लागल्या, त्यांत नुसती तपासणी करून घ्यायला आलेली माणसेही पुष्कळ होती, आणि आजारी-निरोगी सगळे त्याच रांगेत तासन्‌तास उभे होते. ७५ टक्के हजेरीच्या अटीमुळे विद्यार्थी दाखल्याच्या मागे लागतात. ती अट साथीच्या काळात शिथिल राहील असे परिपत्रक विद्यापीठाने आधीच तयार ठेवले, तर वसतिगृहाचे अर्धे काम हलके होते.

प्रश्न : परीक्षा ऐन तोंडावर असताना साथ आली तर? २०२० सारखा गोंधळ पुन्हा होईल का? (परीक्षा विभागातील एक कर्मचारी)

२०२० मध्ये आपल्या राज्यात नेमके काय झाले, ते आधी आठवू. जूनमध्ये राज्य शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरवले. ६ जुलै रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याव्यात अशी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्टला निर्णय आला की राज्याला आपत्तीच्या कारणाने परीक्षा पुढे ढकलता येतील, आयोगाकडे मुदतवाढ मागता येईल, पण अंतिम परीक्षेविना विद्यार्थ्यांना उत्तीर्ण ठरवता येणार नाही. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये, बहुतेक ठिकाणी बहुपर्यायी ऑनलाइन स्वरूपात, परीक्षा उरकल्या गेल्या. तीन महिने विद्यार्थी अभ्यास करावा की नोकरीचे बघावे, अशा कात्रीत होता. दोष विषाणूचा थोडा आणि नियम आधी न ठरवण्याचा अधिक होता, असे माझे मत आहे.

फ्लूच्या साथीत परीक्षा सरसकट रद्द करण्याची वेळ येईलच असे नाही. अधिक संभाव्य चित्र असे की शंभरपैकी दहा-पंधरा परीक्षार्थी तापात असतील आणि एटीकेटीच्या भीतीने तोंडाला रुमाल बांधून वर्गात येऊन बसतील. त्यांना घरी राहण्याची हिंमत द्यायची असेल तर दोन गोष्टी लेखी हव्यात : फेरपरीक्षा तीस दिवसांच्या आत होईल, आणि तिच्यासाठी नवा अर्ज, नवे शुल्क किंवा गुणपत्रिकेवर वेगळा शेरा असणार नाही. त्यासाठी प्रत्येक विषयाचा एक प्रश्नपत्रिका-संच जादा काढून ठेवावा लागतो; हे काम सत्राच्या आरंभी सोपे असते, साथीत अशक्य होते. ताप असूनही जो आलाच, त्याच्यासाठी हवेशीर वेगळी खोली ठेवावी, त्याला परत पाठवू नये.

पर्यवेक्षक कमी पडले तर बाहेरून आणता येतात. खरी अडचण गोपनीय कक्षात आणि मूल्यमापन केंद्रावर येते. परीक्षा संपल्यावर ४५ दिवसांच्या आत निकाल लावण्याचे बंधन अधिनियमात आहे, आणि शंभर-दीडशे प्राध्यापक एकाच सभागृहात उत्तरपत्रिका तपासत बसणे हे फ्लूला आवतण आहे. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत आता बऱ्याच विद्यापीठांत आहे. जेथे ती फक्त काही विद्याशाखांपुरती आहे, तेथे ती शांत काळातच वाढवावी. गोपनीय कक्षाच्या दुहेरी कुलपाच्या दोन्ही किल्ल्यांचे पर्यायी धारक कोण, हे कुलगुरूंच्या सहीच्या बंद पाकिटात असावे. आपणच हे काम करता, तेव्हा ते पाकीट आहे की नाही, एवढे उद्या विचारून पाहा.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला तर मानधन, नाही तर नाही. साथीत वर्ग बंद झाले तर माझ्यासारख्यांचे काय? (परभणी)

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी पाहिलेल्या एकाही आराखड्यात नव्हते. अनेक महाविद्यालयांत निम्मे तास आपल्यासारखे शिक्षक घेतात, आणि आजारी पडले की मानधन बुडते म्हणून ते तापातही वर्गावर जातात. वेळापत्रकात लागलेल्या तासांचे मानधन बंदच्या काळातही द्यायचे आणि आजारपणाच्या ठरावीक तासांचेही द्यायचे, असा ठराव व्यवस्थापनाने साथीआधी केला पाहिजे. खर्च फार नाही. प्राचार्यांना अर्ज द्या आणि त्यावर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची वसाहत आणि उणे ऐंशी अंशांचे फ्रीझर आहेत. आवार बंद झाले तर आत कोणाला सोडतील? (एक संशोधक विद्यार्थिनी)

ज्याचे नाव आधीच दिलेल्या यादीत असेल, त्यालाच सोडतील. म्हणून यादी आज द्या. प्राण्यांना अन्न-पाणी देणे, द्रवरूप नायट्रोजनची पातळी पाहणे, फ्रीझरचा इशारा वाजला तर नमुने हलवणे, ही कामे करणाऱ्या निदान तिघांची ओळखपत्रे सुरक्षा कार्यालयात नोंदवलेली असावीत. नवीन प्रजनन आणि लांबलचक प्रयोग साथीची चाहूल लागताच थांबवावेत. प्रबंधाच्या मुदतीची काळजी आपण लिहिलेली नाही, पण ती असणारच. मुदतवाढ मागताना उपयोगी पडावे म्हणून प्रयोग कोणत्या दिवशी आणि कोणाच्या सांगण्यावरून थांबवला, याची नोंद वहीत करून मार्गदर्शकांची सही घ्या.

प्रश्न : लस असताना एवढा खटाटोप कशाला? आणि हे सगळे लोकांना घाबरवणे नाही का? (एक ज्येष्ठ वाचक, नाशिक)

दरवर्षीची फ्लूची लस जरूर घ्यावी, विशेषतः आपल्या वयात. परंतु महासाथीचा विषाणू नवा असतो आणि त्याची लस तयार व्हायला महिने लागतात. २००९च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकातून देण्याची लस बाजारात आली २०१०च्या जुलैमध्ये. पहिली लाट लसीविनाच काढावी लागते. घाबरवण्याविषयी एवढेच म्हणेन की २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला, तेव्हा पशुसंवर्धन खात्याने लाखो कोंबड्या नष्ट केल्या. ते काम किती तातडीने करावे लागते हे ज्यांनी पाहिले, त्यांना वर लिहिलेल्या याद्या फार वाटणार नाहीत.

प्रश्न : हा आराखडा किती पानांचा असावा? (वरील प्राचार्यांचाच दुसरा प्रश्न)

विद्यापीठाला पाठवायचा तो हवा तेवढ्या पानांचा असू द्या. मात्र त्याची एक प्रत एकाच कागदावर, ठळक अक्षरांत, फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या टेबलावर काचेखाली हवी, कारण रात्री दोन वाजता वसतिगृहातून मुलगी खाली आली, तर आधी तिला तोच भेटतो. रुग्णवाहिका, डॉक्टर, रेक्टर आणि कुलसचिव यांचे क्रमांक, एवढाच मजकूर पुरे. गेल्या वर्षी एका महाविद्यालयात पाहुणा म्हणून गेलो असता अशा कागदावरचा तिसरा क्रमांक मी सहज लावून पाहिला. पलीकडच्या गृहस्थांनी अदबीने सांगितले की दोन वर्षांपूर्वीच ते निवृत्त झाले आहेत, आणि रात्री-अपरात्री फोन येतात म्हणून त्यांनी महाविद्यालयाला दोनदा लेखी कळवलेही आहे.